'गडबडीत आहे' याचे इंग्रजी : उद्यमबागेतील एका स्पॅनिश निरोपाचे प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मध्यम आकाराच्या मशीन शॉपला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्पेनमधील ग्राहकाकडून एका ओळीचा निरोप आला. या कारखान्याने हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचे पहिले नमुने दिवाळीच्या सुमारास पाठवले होते. ते तिकडे तपासून मंजुरी मिळाली की मोठ्या ऑर्डरचे काम सुरू करायचे, असे ठरलेले होते. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जवळच्याच फाउंड्रीतून (ओतशाळेतून) यायचे होते, ज्यावरून साचा करतात तो पॅटर्न तयार होता, आणि मोल्डिंगची, म्हणजे साचे करण्याची, लाइन कोणत्या आठवड्यासाठी राखून ठेवायची एवढेच बाकी होते. एरवी ग्राहकाकडचा खरेदी विभाग इंग्रजीत लिहीत असे. हा निरोप मात्र तेथील तपासणी विभागातून, मोबाइलवरून आणि स्पॅनिशमध्ये आला. त्यातील शब्द असे होते : 'आंदो मुय लियादा एस्ता सेमाना, एन क्वांतो प्वेदा ते दीगो आल्गो.'

कारखान्यात मालक आणि त्यांच्या घरचे लोक मराठी बोलतात, फाउंड्रीचे सुपरवायझर कन्नड बोलतात, आणि निर्यातीची फाइल पहिल्यापासून इंग्रजीत ठेवली जाते, कारण ती बँकेलाही दाखवावी लागते आणि माल पाठवणाऱ्या एजंटलाही. त्यामुळे या ओळीचे इंग्रजी करणे भाग होते. पत्रव्यवहार पाहणाऱ्या मालकांच्या पुतण्याने फोनवरील एका ॲपची आणि शब्दकोशाची मदत घेऊन ते केले. त्याने फाइलमध्ये लिहिलेल्या वाक्याचा अर्थ मराठीत साधारण असा होतो : 'या आठवड्यात मी मोठ्या गोंधळात आहे, शक्य होताच मी तुम्हाला काहीतरी सांगेन.' गोंधळासाठी त्याने 'मेस' हा शब्द वापरला होता आणि दुसऱ्या अर्ध्या भागासाठी 'आय विल टेल यू समथिंग'.

मालकांनी हे वाचले आणि त्यांचा अंदाज एकदम वेगळ्या दिशेला गेला. तपासणी विभागातील माणूस स्वतःच 'मेस' म्हणतो आहे आणि वर 'काहीतरी सांगेन' असे मोघम लिहितो आहे, म्हणजे नमुन्यात खोट निघाली असणार किंवा त्या कंपनीतच काही भानगड चालू असणार, असे त्यांना वाटले. त्यांनी फाउंड्रीला फोन करून लाइन तूर्त दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली. यात त्यांचा दोष काढता येत नाही. समोर ठेवलेल्या इंग्रजी वाक्यावरून कोणत्याही सावध धंदेवाल्याने असेच अनुमान काढले असते. प्रश्न त्या वाक्याचा होता, आणि स्पॅनिश-इंग्रजी भाषांतराची कामे मी करते हे पुतण्याला ठाऊक असल्याने दुसऱ्या दिवशी त्याने मूळ निरोप आणि आपले इंग्रजी दोन्ही माझ्याकडे पाठवले. सोबत मालकांचा एक प्रश्नही होता : 'टीचर, हे नमुना नापास झाला म्हणायलेत का, तेवढं बघून सांगा की.'

नापासाचा प्रश्न सोपा होता. त्या ओळीत नमुन्याविषयी एकही शब्द नाही. लिहिणारी व्यक्ती कामात बुडालेली आहे, सवड मिळताच कळवणार आहे, एवढाच तिचा आशय आहे. हे फोनवर सांगून प्रकरण मिटले असते, परंतु फाइलमध्ये इंग्रजी वाक्य जायचे होते आणि ते कोणते असावे यावर माझा जो वेळ गेला त्याची नोंद येथे करावीशी वाटते.

सगळा घोळ 'लियादा' या शब्दाशी निगडित आहे. हे 'लियार' या क्रियापदाचे रूप असून त्याचे मूळ लॅटिन 'लिगारे', म्हणजे बांधणे, असे आहे. इंग्रजीतील ऑब्लिगेशन, लिगामेंट आणि लिएझन हे शब्दही याच मुळापासून आलेले आहेत. स्पॅनिशमध्ये 'लियार' म्हणजे दोरीने आवळणे, कागदात गुंडाळणे, सिगारेट वळणे. त्यावरून 'लीओ' हे नाम झाले, त्याचा जुना अर्थ गाठोडे आणि रोजचा अर्थ गुंता, भानगड, गोंधळ. 'के लीओ!' असे कुणी स्पेनमध्ये उद्गारले तर 'काय हा घोळ!' असेच त्याला म्हणायचे असते. शब्दकोशात 'लीओ' शोधणाऱ्याला 'मेस' मिळतो तो इथून. पण 'एस्तोय लियादो' किंवा 'आंदो लियादो' असे स्वतःविषयी म्हटले की त्यातला गोंधळ मागे पडतो आणि केवळ कामात अडकल्याचा अर्थ उरतो. स्पेनमध्ये हे वाक्य ऑफिसात, बाजारात, घरच्या फोनवर दिवसभर कानावर पडते आणि त्याने कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे. 'अमुक व्यक्तीबरोबर लियादो' म्हटले तर प्रेमप्रकरणाचा अर्थ होतो, मात्र तो 'बरोबर' या अर्थाचा शब्द आणि पुढे माणूस आल्याशिवाय होत नाही. आपल्या निरोपात तसे काही नव्हते.

येथे मराठी माणसाला, आणि त्यातही सीमाभागातल्या माणसाला, एक मोठी सोय आहे जिचा उपयोग पुतण्याने केला नाही. पुण्याकडे ज्याला घाई म्हणतात त्याला बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात आणि पलीकडे कोल्हापुरातही सर्रास गडबड म्हणतात. 'गडबडीत आहे, नंतर बोलू' हे वाक्य आपण फोन उचलताच बोलून मोकळे होतो. आणि 'काहीतरी गडबड आहे' म्हटले की संशय, घोटाळा, बिघाड. शब्द एकच, पण 'गडबडीत असणे' आणि 'गडबड असणे' यांत इथल्या शाळकरी पोराचीही गल्लत होत नाही. कन्नडमधील 'गडिबिडी' हा शब्दही घाई आणि धांदल अशाच अर्थाने चालतो. स्पॅनिशमधल्या 'लीओ' आणि 'लियादो' यांचे नाते जवळपास हेच आहे. म्हणजे मालकांना तो निरोप कुणी आधी मराठीत वाचून दाखवला असता तर त्यांनी लाइन सोडली नसती. इंग्रजीत बिझी आणि मेस हे दोन वेगळे शब्द पडतात, त्यांतला एक निवडावाच लागतो, आणि चुकीचा निवडला की दोन अर्थांपैकी नको तोच उरतो.

लिखित मराठीत अशा वेळी 'व्यस्त' हा शब्द पुढे केला जातो, पण तो हिंदीच्या वाटेने रुळलेला आहे, आणि आपल्या शाळेत व्यस्त म्हणजे उलट, व्यस्त प्रमाणातला. बोलताना कुणी 'मी व्यस्त आहे' म्हणत नाही, कामात आहे म्हणते, सवड नाही म्हणते, डोके वर काढायला उसंत नाही म्हणते.

आता दुसरा अर्धा भाग. 'ते दीगो आल्गो' याचे शब्दशः इंग्रजी 'तुला काहीतरी सांगते' असेच होते आणि पुतण्याने तेच केले. स्पेनमध्ये हा 'कळवते' या अर्थाचा ठरलेला प्रयोग आहे. 'आल्गो' म्हणजे काहीतरी खरे, परंतु येथे त्याला वजन नाही, वाक्याला कर्म लागते म्हणून तो बसवलेला आहे. मराठीत 'काहीतरी सांगते' म्हटले तर थाप मारल्याचाच वास येतो, 'काहीतरी सांगू नका' हे आपण कुणाला सुनावतो ते त्याच अर्थाने. इंग्रजी 'समथिंग'नेही नेमका हाच संशय उभा केला. त्याचबरोबर या ठिकाणी मराठी आणि स्पॅनिश यांच्यात एक जवळीकही आहे. 'दीगो' हे वर्तमानकाळी रूप असून त्यातून भविष्यातील वचन दिले जाते, अगदी 'उद्या सांगते' या मराठी वाक्यात 'सांगते' वर्तमानकाळी दिसत असूनही भविष्य बोलते तसेच. आणि 'एन क्वांतो प्वेदा' यातील 'प्वेदा' हे क्रियापदाचे असे रूप आहे की ज्यात गोष्ट अजून घडलेली नसते, घडेल तेव्हा घडेल. 'जमलं की' या दोन शब्दांत ते नेमके येते. पूर्ण ओळ मी मराठीत अशी मांडली : 'या आठवड्यात फार गडबडीत आहे, जमलं की कळवते.' यात भर घालावी किंवा काढावी असे मला काही सापडले नाही.

'आंदो' या शब्दाविषयी थोडक्यात. 'आंदार' म्हणजे चालणे, पण येथे पायांनी चालणे नव्हे. सध्या, या दिवसांत अमुक अवस्थेत असणे, असा त्याचा भाव आहे. आपणही 'धावपळ चालली आहे' म्हणतो तेव्हा पाय मोजत नाही. 'एस्तोय', म्हणजे नुसते 'आहे', याऐवजी 'आंदो' आल्याने हे चार-आठ दिवसांचे चालू असलेले ओझे आहे, एका बैठकीपुरते नाही, असे कळते. 'एस्ता सेमाना', म्हणजे हा आठवडा, असे पुढे स्पष्टच असल्याने इंग्रजीत त्यासाठी वेगळी खटपट करावी लागली नाही.

त्या आठवड्याचेही एक कारण होते आणि ते भाषांतरापेक्षा माहितीचा भाग असले तरी मालकांना ते सांगणे मला आवश्यक वाटले. स्पेनमध्ये 6 डिसेंबर हा संविधान दिन आणि 8 डिसेंबर हा मरियामातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण, ज्या दिवशी आपल्याकडे पणजीच्या चर्चचे फेस्त असते, हे दोन्ही सार्वजनिक सुटीचे दिवस आहेत. मधला दिवस अनेक जण रजा टाकून जोडून घेतात आणि त्याला 'पूल करणे' म्हणतात. त्या वर्षी दोन्ही तारखा कामाच्या दिवशी आल्या होत्या, त्यामुळे जे कुणी कामावर होते त्यांच्यावर मागचे-पुढचे सगळे येऊन पडले असणार. त्या हंगामात बेळगावातही सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरण्याचा प्रघात आहे, आणि तेव्हा शहरातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत फोन केला तर काय उत्तर मिळते हे मालकांना वेगळे सांगावे लागले नाही.

इंग्रजीसाठी माझ्यापुढे चार-पाच वाक्ये होती. सरळ 'आय ॲम व्हेरी बिझी धिस वीक' हे चुकीचे नाही, पण आपल्या भागातल्या ऑफिसांत 'बिझी' हा शब्द दार लावण्यासाठी वापरतात. साहेब बिझी आहेत म्हणजे येऊ नका. मूळ निरोपात दार उघडे होते, कळवण्याचे वचन त्याच ओळीत होते, म्हणून तो मला बसला नाही. अमेरिकेकडे चालणारा 'स्वॉम्प्ड' आणि इंग्लंडकडे चालणारा 'स्नोड अंडर' हे दोन्ही ताकदीचे आहेत, परंतु त्यांत तक्रारीचा सूर येतो, आणि ज्याने दलदल किंवा बर्फ या चित्रांचा विचार कधी केला नाही त्याला ते काहीसे नाटकी वाटतात. इंग्लंडमधील वाचकासाठी मी डोळे मिटून 'आय हॅव गॉट अ लॉट ऑन धिस वीक' असे केले असते, कारण मूळचा रोजचा, सहज सूर त्यात उत्तम उतरतो. पण हे वाक्य मी पुतण्याला वाचून दाखवले तेव्हा त्याने लगेच विचारले, 'ऑन कशावर?' आणि तो प्रश्न रास्त होता.

या प्रकरणात खरी निवड इथेच झाली. भाषांतर इंग्रजीत करायचे आहे म्हणून ते इंग्रजांसाठी असेलच असे नाही. या वाक्याचा वाचक खानापूर रस्त्यावरच्या कारखान्यात टेबलाशी बसलेला होता, त्याने इंग्रजी बँकेच्या पत्रांतून आणि ड्रॉइंगवरच्या सूचनांतून उचललेले होते, आणि त्या वाक्यावरून त्याला फाउंड्रीची लाइन धरायची की सोडायची हे ठरवायचे होते. लंडनमध्ये जे सहज ते त्याच्यासाठी कोडे असेल तर त्या सहजतेचा उपयोग नाही. मी कसोटी अशी लावली की इंग्रजी वाक्य मालकांनी वाचावे आणि त्याचे मराठी आपल्या तोंडाने सांगावे. ते मराठी मूळ स्पॅनिशच्या जवळ आले तर वाक्य ठेवायचे, नाहीतर टाकायचे. या कसोटीवर 'टाइड अप' टिकले. त्यात बांधले जाण्याचे तेच चित्र आहे जे 'लियादा'त आहे, आपल्याकडच्या ऑफिसांतही तो प्रयोग रुळलेला आहे, आणि मालकांनी तो वाचून 'हात अडकलेत म्हणतात' असे लगोलग सांगितले. 'विथ वर्क' हे दोन शब्द मी पदरचे घातले. मुळात काम हा शब्द नाही, पण शंकेला एकदा वाव मिळून गेलेला असल्याने तो उघड लिहिणे मला श्रेयस्कर वाटले. अशी भर घालणे हा भाषांतरकाराचा अधिकार नाही असे मानणारे आहेत, आणि कवितेपुरते मी त्यांच्याशी सहमत आहे.

'मुय' साठी 'व्हेरी' की 'क्वाइट', यावर थोडी चर्चा झाली. 'क्वाइट'ने इंग्लंडमध्ये जोर कमी होतो तर अमेरिकेत वाढतो, म्हणून तो मी टाळला. दुसऱ्या भागासाठी 'आय विल गेट बॅक टू यू ॲज सून ॲज आय कॅन' हे वाक्य प्रश्नच न उपस्थित करता बसले. फाइलमध्ये गेलेले पूर्ण वाक्य असे : 'आय ॲम व्हेरी टाइड अप विथ वर्क धिस वीक; आय विल गेट बॅक टू यू ॲज सून ॲज आय कॅन.'

या वाक्यात दोन गोष्टी मात्र राहून गेल्या, आणि त्या मी फाइलमध्ये टीप म्हणून वेगळ्या लिहायला लावल्या. पहिली, 'लियादा' हे स्त्रीलिंगी रूप आहे. पुरुषाने 'लियादो' लिहिले असते. निरोप पाठवणारी व्यक्ती बाई आहे हे स्पॅनिश वाक्यातूनच कळते, मराठीत 'कळवते' म्हटले तरी कळते, इंग्रजीत कळायला जागा नाही. पुतण्याने उत्तराचा मसुदा 'डिअर सर' असा सुरू केलेला होता, कारण सहीतले नाव 'ओ'ने संपत होते आणि 'ओ' म्हणजे पुरुष, असा त्याचा समज होता. रोसारिओ, आम्पारो, कोन्सुएलो ही स्पेनमध्ये बायकांची नावे आहेत. बेळगावच्या कॅम्प भागात आणि गोव्यात रोसारिओ हे आडनाव म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे असल्याने आपली तर जास्तच फसगत होते. मसुद्यातले 'सर' काढले. दुसरी गोष्ट, 'ते दीगो'मधला स्पॅनिश 'ते' म्हणजे 'तुला', 'तुम्हाला' नाही. पुतण्याला त्यात किंचित अपमान वाटला. स्पेनमध्ये व्यवसायातही लोक फार लवकर एकेरीवर येतात आणि त्यात सलगी असते, अनादर नसतो. मराठीत ते 'तुम्हाला'च राहिले पाहिजे. इंग्रजी 'यू'ने हा पेच आपसूक सोडवला.

उत्तर कसे द्यावे हेही विचारले गेले. स्पेनची घड्याळे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, तेव्हा आपल्या दुपारी दोनला पाठवलेला मजकूर तिकडे सकाळी साडेनऊला, काम सुरू होता होता, नजरेस पडतो. त्या वेळेला धरून पुतण्याने इंग्रजीत तीन ओळी पाठवल्या : निरोप पोहोचला, गडबडीत असल्याचे समजले, मात्र फाउंड्रीची लाइन महिन्याच्या मध्यापर्यंत ठरवावी लागते, तेव्हा फक्त मापांचा अहवाल ठीक आहे की नाही एवढे त्याआधी कळवता आले तर बरे. उत्तर पुढच्या आठवड्यात आले, आणि तेही स्पॅनिशमध्ये. मापे ठीक होती. दोन छिद्रे आतमध्ये जिथे एकमेकांना छेदतात तिथे बारीकशी बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची कोर, राहिलेली दिसली होती, ती काढण्याची पद्धत लिहून पाठवा, एवढी मागणी होती. हायड्रॉलिकच्या कामात ही बर सुटून तेलाबरोबर फिरली तर स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, अडकतो, त्यामुळे तपासणी विभागाचा वेळ कुठे गेला असावा याचाही उलगडा झाला. लाइन मात्र तोवर दुसऱ्या ग्राहकाला गेली होती आणि मोल्डिंग जानेवारीत ढकलावे लागले.

पुतण्याने पुढे विचारले की हेच इंग्रजी वाक्य सर्व स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांसाठी साठवून ठेवता येईल का, कारण मेक्सिकोतही एक चौकशी चालू होती. येईल असे मला वाटत नाही. 'लियादो' हा या अर्थाने प्रामुख्याने स्पेनचा शब्द आहे. मेक्सिकोत तीच अडचण 'आंदो अ लास कार्रेरास' अशी, म्हणजे धावाधाव चालली आहे अशी सांगतात, आणि अर्जेंटिनात 'एस्तोय अ मिल', म्हणजे हजाराच्या वेगाने चाललो आहे अशी. स्पेनमध्येही कुणी 'एस्तोय आस्ता आर्रीबा' म्हटले तर काम डोक्याच्या वर गेलेले असते, आणि 'नो दोय आबास्तो' म्हटले तर माणूस पुरा पडेनासा झालेला असतो. या शेवटच्या वाक्यावर 'टाइड अप' लिहिणे चूक ठरेल, कारण त्यात मदतीची गरज सांगितलेली असते आणि माल पुरवणाऱ्याने ती ऐकली पाहिजे. मेक्सिकोच्या बाबतीत आणखी एका शब्दाची काळजी घ्यावी लागते. 'आओरीता' म्हणजे शब्दशः 'आत्ता लगेच', पण तो या क्षणापासून 'बघू कधीतरी' पर्यंत कुठेही पसरू शकतो, आणि त्याचे नेमके इंग्रजी वाक्याबाहेरची परिस्थिती पाहिल्याशिवाय ठरत नाही. तो आला तर भाषांतर करत बसण्याआधी उलट टपाली तारीख विचारून घ्यावी, असे मी त्याला सुचवले. त्याने फाइलमध्ये ग्राहकाच्या देशासाठी एक रकाना आखून घेतला आहे, आणि मूळ स्पॅनिश ओळ, तिचे मराठी आणि मग इंग्रजी, या क्रमाने तो आता नोंद करतो.